नवऱ्याच्या गावी, बेल्जियममार्गे

सांगलीत विवाह अधिकाऱ्यांसमोर २०१४ च्या डिसेंबरात आमचं लग्न झालं. त्यानंतर वीस महिन्यांनी मी नवऱ्याच्या गावी, हॉलंडमधल्या ब्रेडाला, कायमची राहायला गेले. मधले चौदा महिने आम्ही दोघांनी बेल्जियममध्ये संसार केला. नवरा डच, त्याचं सगळं आयुष्य ब्रेडात गेलेलं, आणि तरी बायकोला घरी न्यायला त्याला आधी शेजारच्या देशात बिऱ्हाड करावं लागलं. माझ्या मावशीला हे ऐकून वाटलं होतं की यात काहीतरी भानगड आहे. भानगड काही नाही, हा युरोपीय कायद्याने दिलेला हक्क आहे. मात्र तो तिकडे खरोखर राहणाऱ्यांसाठी आहे, आणि राहिल्याचे कागद हातात असावे लागतात. अलीकडे ओळखीतून, ओळखीच्या ओळखीतून मुली मला फोन करतात, प्रत्येकीला तासभर तेच सांगते. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढते आहे.

आम्हाला हा रस्ता का घ्यावा लागला ते आधी सांगते. डच नागरिकाने परदेशी बायकोला थेट हॉलंडला न्यायचं तर तिथला देशी कायदा लागतो. नवऱ्याचं उत्पन्न पुरेसं आणि टिकाऊ आहे हे दाखवावं लागतं, दोघंही २१ वर्षांच्या वर असावे लागतात, आणि भारतीय बायकोला हॉलंडला पाय ठेवण्याआधीच डच वकिलातीत भाषेची आणि समाजज्ञानाची परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा २००६ पासून आहे. माझा नवरा सुतार. तेव्हा स्वतःचं काम करायचा, एका महिन्यात तीन स्वयंपाकघरं बसवायची, पुढचे दोन महिने काहीच नाही. टिकाऊ उत्पन्नाची कागदावरची व्याख्या त्याच्या धंद्याला बसेना. तेव्हा त्याच्या आत्येबहिणीने सांगितलं की सीमेवरच्या गावांत लोक ‘बेल्जियम रूट’ म्हणतात तो मार्ग बघा. ब्रेडाहून बेल्जियमची सीमा सायकलने तासाभराच्या आत आहे.

हक्क येतो कुठून

हे कंटाळवाणं वाटलं तरी वाचा, कारण पुढे काउंटरवर बसलेल्या माणसाला तुम्हालाच हे समजावून सांगावं लागेल.

युरोपीय संघाचा कोणताही नागरिक दुसऱ्या सदस्य देशात जाऊन राहू शकतो, काम करू शकतो. तो गेला की त्याच्या बायकोला किंवा नवऱ्यालाही, मग ती व्यक्ती कोणत्याही देशाची असो, त्याच्यासोबत राहण्याचा हक्क मिळतो. हे सगळं २००४ सालच्या ३८ क्रमांकाच्या निर्देशात लिहिलेलं आहे. गोम अशी की हा निर्देश माणूस स्वतःच्या देशाबाहेर असतानाच लागतो. डच माणूस हॉलंडमध्येच बसून बायकोला बोलावत असेल तर त्याला देशी कायदा. तोच माणूस बेल्जियममध्ये राहत असेल तर त्याला युरोपीय कायदा.

मग तो बायकोसह मायदेशी परतला की काय? या प्रश्नाचं उत्तर एका भारतीय माणसाच्या नावाने ओळखलं जातं. सुरिंदर सिंग हे भारतीय, त्यांची पत्नी ब्रिटिश. १९८२ मध्ये ब्रॅडफर्डला लग्न झालं, १९८३ ते १९८५ दोघांनी जर्मनीत नोकरी केली, मग धंदा सुरू करायला इंग्लंडला परत आले. ब्रिटिश सरकार म्हणालं की आता आमचा कायदा. युरोपीय न्यायालयाने ७ जुलै १९९२ ला निकाल दिला की दुसऱ्या देशात काम करून परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदाराला मायदेशीही निदान तेवढेच हक्क मिळाले पाहिजेत जेवढे दुसऱ्या एखाद्या सदस्य देशात मिळाले असते. कारण बायकोला परत आणता येणार नाही हे माहीत असेल तर माणूस मुळात बाहेर जायलाच धजणार नाही.

२००७ चा आइन्ट यांचा निकाल आमच्यासाठी सोन्यासारखा होता. हे आइन्ट म्हणजे एक डच बाप, इंग्लंडमध्ये काम करून परत आलेला, सोबत सुरिनामहून आलेली मुलगी. परतल्यावर त्याच्याकडे नोकरी नव्हती. न्यायालय म्हणालं, बापाला स्वतःच्या देशात राहायला नोकरी लागत नाही, म्हणून मुलीचा हक्कही त्यावर अडत नाही. परतल्यावर माझ्या नवऱ्याने पुन्हा स्वतःचं सुतारकाम सुरू केलं ते या निकालाच्या भरवशावर.

तिसरा निकाल १२ मार्च २०१४ चा, आणि तो सावध करणारा आहे. त्यातल्या एका जोडप्यात डच बाईने बेल्जियममधल्या रेटी गावात फ्लॅट भाड्याने घेतला होता. जोडीदार तिथे राहायचा आणि ती फक्त शनिवार-रविवारी यायची. न्यायालयाने सांगितलं की वीकएंड आणि सुट्ट्या कितीही जोडल्या तरी त्याचं वास्तव्य होत नाही. तिकडे सलग तीन महिन्यांहून जास्त, निर्देशातल्या अटींप्रमाणे, खऱ्या अर्थाने राहायला हवं, आणि त्या काळात तुमचं कौटुंबिक जीवन तिथे उभं राहिलेलं किंवा घट्ट झालेलं दिसायला हवं. कोणी तुम्हाला ‘फक्त पत्ता घ्या, राहू नका’ असा सल्ला देत असेल तर त्याला हात जोडा. आम्ही चौदा महिने राहिलो ते याचसाठी, आणि मला त्यातला एक दिवसही वाया गेल्यासारखा वाटत नाही.

समलिंगी जोडप्यांनाही हा हक्क आहे, रोमानियाच्या एका खटल्यात २०१८ ला ते स्पष्ट झालं. नवरा किंवा बायको मूळची भारतीय असून आता डच, आयरिश, फ्रेंच नागरिक झाली असेल तरी तितकाच हक्क. हॉलंडच्या अ‍ॅमस्टलवेनमधल्या कितीतरी मराठी घरांना हे माहीत नसतं. पण नुसता तिकडचा कायम परवाना आहे आणि पासपोर्ट अजून भारतीय, तर हा मार्ग नाही. जोडीदार ब्रिटिश असेल तरीही नाही. इंग्लंडला परतणाऱ्यांसाठी हे दार २९ मार्च २०२२ ला बंद झालं.

सांगलीतले कागद

माझे वडील तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. घरात आवक-जावकची वही असायची. लाइटबिलाची सुद्धा त्यात नोंद. मी निघताना त्यांनी मला लाल पुठ्ठ्याची एक कोरी वही दिली. डावीकडे आलेला कागद, उजवीकडे दिलेला कागद, तारीख, कोणाच्या हातात दिला. ती वही मला वकिलापेक्षा जास्त उपयोगी पडली. तुम्हीही पहिल्या दिवसापासून ठेवा.

परदेशी माणसाशी भारतात लग्न करायचं तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. ३० दिवसांची नोटीस लागते आणि दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात त्याआधी ३० दिवस वास्तव्य लागतं. हे आधीच धरून सुट्टीचा हिशेब करा. दाखल्याच्या दोन मूळ प्रती मागून घ्या. एका प्रतीवर अपोस्टिल करायची, दुसरी घरी. अपोस्टिल म्हणजे परराष्ट्र मंत्रालय दाखल्यामागे चिकटवतं ते स्टिकर. त्याआधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण लागतं. भारत अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ पासून आहे. हॉलंड-बेल्जियमला आमची अपोस्टिल चालली. जर्मनी भारतीय अपोस्टिल मानत नाही, तेव्हा मुक्कामासाठी जर्मनी निवडणार असाल तर कागदपत्रांच्या वेगळ्या पडताळणीसाठी वेळ ठेवा. भाषांतर नेहमी अपोस्टिल झाल्यावरच करा, म्हणजे स्टिकरचंही भाषांतर होतं. नाहीतर काउंटरवरून परत पाठवतात आणि दुसऱ्यांदा पैसे जातात. बेल्जियममधल्या अँटवर्प शहराच्या बाजूला कागद डच भाषेत लागतात, आणि भाषांतरकार शपथबद्ध हवा.

आता नावाचा प्रश्न. आपल्या मराठी नावांनी तिकडच्या संगणकांना घाम फुटतो. माझ्या जन्मदाखल्यावर नुसतं माझं नाव आहे. शाळेच्या दाखल्यावर माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात माझं आणि वडिलांचं नाव एकत्र. म्हणजे बेल्जियमच्या नजरेत माझी दोन पहिली नावं आहेत आणि त्यातलं एक पुरुषाचं. जन्मदाखल्यावरची मुलगी आणि पासपोर्टवरची बाई एकच, हे सिद्ध करायला मी सांगलीत प्रतिज्ञापत्र करून घेतलं होतं आणि तेही अपोस्टिल करून नेलं होतं. ते दोन ठिकाणी लागलं. तुमच्या जन्मदाखल्यावर नावच नसेल, नुसतं ‘मुलगी’ असेल, जे चाळीशीच्या आसपासच्या पुष्कळ जणींचं असतं, तर आधी नगरपालिकेत जाऊन नाव लावून घ्या.

आणि मधेच नाव बदलू नका. आमच्याकडे लग्नानंतर वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, सासरचं आडनाव येतं, काही घरांत बायकोचं पहिलं नावही बदलतात. हे पासपोर्टवर चढवलंत तर जन्मदाखला, पदवी, लग्नाचा दाखला आणि पासपोर्ट अशा चार कागदांवर चार बायका होतात. बेल्जियममध्ये बाईच्या सरकारी कागदांवर तिचं माहेरचंच आडनाव राहतं, त्यामुळे तिथे कोणी भुवया उंचावत नाही. माझं आजही माहेरचंच नाव आहे. सासूबाईंनी एकदाही विचारलं नाही.

व्हिसा

व्हिसा मागायचा तो ज्या देशात राहायला जाणार त्या देशाकडे. नवरा डच म्हणून डच वकिलातीत गेलात तर सगळं गणितच चुकतं. आम्ही मुंबईत बेल्जियमचा व्हिसा मागितला, नागरिकाच्या कुटुंबीयाचा. तोपर्यंत नवऱ्याने मार्चपासून तिकडे फ्लॅट आणि नोकरी घेतलेली होती. हा व्हिसा निर्देशाच्या पाचव्या कलमाप्रमाणे मोफत आणि लवकरात लवकर द्यायचा असतो. शेंगेनच्या अर्जात काही रकान्यांवर तारांकन असतं, ते रकाने युरोपीय नागरिकाच्या कुटुंबीयांनी भरायचेच नसतात. नोकरी, खर्चाची सोय, हे सगळं त्यात येतं.

अर्ज घेणाऱ्या खिडकीवर मला विचारलं, “मॅडम, तीन वर्षांचं आयटी रिटर्न? हॉटेल बुकिंग?”

मी म्हटलं, “हॉटेल कशाला? मी नवऱ्याच्या घरी चाललेय. आणि या रकान्यांना स्टार आहे, तळटीप वाचा ना एकदा.”

त्याने वाचली, आत जाऊन विचारून आला, आणि अर्ज घेतला. आवाज न चढवता, छापील ओळीवर बोट ठेवून बोलायचं. मी सगळीकडे हेच केलं. माझ्यासोबत लग्नाचा दाखला, नवऱ्याच्या पासपोर्टची प्रत, त्याचा बेल्जियममधला नोंदणी दाखला, नोकरीचा करार आणि त्याने लिहिलेलं एक पानी पत्र होतं. जास्तीचे कागद दिले नाहीत. जास्त कागद दिले की जास्त प्रश्न येतात.

बेल्जियममध्ये

नवऱ्याने अँटवर्पच्या एका वर्कशॉपमध्ये नोकरी धरली, आठवड्याला २४ तास. अर्धवेळ नोकरी चालते का, असं सगळ्या विचारतात. चालते. १९८२ सालीच युरोपीय न्यायालयाने लेव्हिन खटल्यात सांगितलं आहे की काम खरं असलं, नावापुरतं नसलं, तर अर्धवेळ काम करणाराही कामगारच. तो खटलाही हॉलंडमधलाच. नोकरी नको असेल तर स्वतःचा धंदा किंवा पुरेसे पैसे आणि आरोग्य विमा, हेही मार्ग आहेत. पण नोकरी सगळ्यांत सोपी, कारण दर महिन्याला पगारपत्रक येतं, कामगाराच्या बायकोला उत्पन्नाचा हिशेब द्यावा लागत नाही, आणि विम्याचा प्रश्नही बराचसा सुटतो.

आम्ही अँटवर्पच्या उत्तरेला एका गावात, रेल्वेच्या वाटेवर, पहिल्या मजल्यावर राहायचो. खाली जुनं शिंप्याचं दुकान, वर आम्ही. मी पोहोचले त्याच आठवड्यात आम्ही गावाच्या नगरपालिकेत गेलो. तिथे कुटुंबीय म्हणून अर्ज दिला की एक कागद मिळतो, ‘परिशिष्ट १९ टेर’, तो जपून ठेवा. अर्ज दिल्याचा पुरावा लगेच देणं हे निर्देशाच्या दहाव्या कलमात आहे आणि कार्ड सहा महिन्यांत द्यायला हवं हेही तिथेच आहे.

यानंतर बीटचा पोलीस घरी येतो. बेल्जियममध्ये तुम्ही दिलेल्या पत्त्यावर खरंच राहता का हे तो पाहतो आणि त्याच्या अहवालाशिवाय गाडी पुढे सरकत नाही. तो कधी येणार ते सांगत नाहीत. आमच्याकडे तो आला तेव्हा मी बाजारात होते. खालच्या बेलवर फक्त नवऱ्याचं नाव होतं. पत्रपेटीवरही. त्याने चिठ्ठी टाकली आणि गेला, आणि नगरपालिकेत नोंद झाली की या पत्त्यावर बाई आढळली नाही. मी घाबरले. रात्री दोघांनी मिळून बेलच्या काचेखाली माझं नाव लिहून चिकटवलं. नवऱ्याने पत्रपेटीसाठी बीचच्या लाकडाची छोटी पट्टी कापली आणि त्यावर दोघांची नावं कोरली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चिठ्ठीवरच्या नंबरला फोन करून मी दुपारनंतर रोज घरी असते असं सांगितलं.

चार दिवसांनी तो पुन्हा आला. मी थालीपिठं लावत होते, हाताला पीठ. त्याने आधी बेलवरचं नाव वाचलं, पासपोर्टाशी ताडून पाहिलं. मग आत आला. दोरीवरचे माझे कपडे पाहिले, कपाटाकडे नजर टाकली, भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर थांबला. हे काय, म्हणाला. मी त्याला चतुर्थी दाखवली आणि त्या खाली पेन्सिलीने लिहिलेली दंतवैद्याची वेळ. तो हसला, फॉर्मवर सही केली. थालीपीठ नको म्हणाला, ड्युटीवर आहे. पंधरा मिनिटांत सगळं आटोपलं. तेव्हा बायांनो, पोहोचलात की सामान उघडायच्या आधी बेलवर नाव लावा.

अहवाल गेल्यावर नारिंगी रंगाचा सहा महिन्यांचा तात्पुरता परवाना मिळाला. त्यावर काम करता येतं. मी एका दुकानात हिशेबाचं काम धरलं, कारण माझं शिक्षण त्यातलंच, आणि माझी पगारपत्रकंही पुराव्यात आली. सहाव्या महिन्यात एफ कार्ड हातात पडलं, युरोपीय नागरिकाच्या कुटुंबीयाचं, पाच वर्षांचं. परत निघण्याआधी हे कार्ड हातात येऊ द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. कायद्याने तीन महिन्यांहून जास्त राहणं पुरेसं असलं तरी कार्ड म्हणजे बेल्जियम सरकारनेच दिलेली साक्ष असते, आणि सीमा ओलांडायला वेगळा व्हिसाही लागत नाही.

पुराव्यांचं सांगते. भाडेकरार दोघांच्या नावे करा आणि घरमालकाकडून त्याची सरकारी नोंदणी करून घ्या. ती त्याचीच जबाबदारी असते आणि राहत्या घरासाठी मोफत असते. आरोग्य निधीचं, म्हणजे तिथल्या आरोग्य विम्याच्या संस्थेचं, सभासदत्व दोघांचं. बँकेचं खातं संयुक्त, आणि रोजची खरेदी त्याच कार्डावरून. आमच्या खात्याच्या उताऱ्यावर वर्षभर एकाच बेकरीचं नाव दर दोन दिवसांनी आहे, शनिवारी अँटवर्पच्या भारतीय दुकानातली तूरडाळ आणि ज्वारीचं पीठ आहे, नगरपालिकेच्या कचऱ्याच्या पिशव्यांचे पैसे आहेत. एवढं बारीक जगणं कोणी खोटं रचत नाही, आणि तपासणाऱ्याला ते कळतं. ग्रंथालयाचं कार्ड, रेल्वेचा पास, वीज-पाण्याची बिलं, डॉक्टरच्या पावत्या, दोघांच्या नावाने आलेली पत्रं, सगळं महिन्यावार लावून ठेवलं होतं. प्रत्येक महिन्याचे निदान तीन कागद, त्यातला एक माझ्या नावाचा, हा माझा नियम. फोटो मात्र पाचच दिले. फोटोंनी वास्तव्य सिद्ध होत नाही.

एक गोष्ट मी प्रत्येक मुलीला मुद्दाम सांगते. या कागदांची एक पूर्ण प्रत तुमच्या स्वतःच्या ताब्यात, तुमच्या ईमेलमध्ये, तुमच्या माहेरी ठेवा. तुमचा हक्क जोडीदाराच्या हक्कातून आलेला आहे. तिकडच्या मुक्कामात संसार मोडलाच तर निर्देशाचं तेरावं कलम आहे. लग्नाला तीन वर्षं आणि त्यातलं एक वर्ष त्या देशात झालं असेल, किंवा घरात मारहाण झाली असेल, तर वास्तव्य टिकू शकतं. पण ते सिद्ध करायला कागद लागतात, आणि भांडणाच्या दिवशी फाईल दुसऱ्याच्या कपाटात असून चालत नाही. माझा नवरा देवमाणूस आहे. तरी माझी प्रत सांगलीत वडिलांच्या कपाटात होती.

परत

ऑगस्ट २०१६ मध्ये आम्ही गावच्या नगरपालिकेत बेल्जियम सोडत असल्याची नोंद केली, त्याचा दाखला घेतला, आणि एका व्हॅनमध्ये सगळं सामान घालून ब्रेडाला आलो. हॉलंडमध्ये आल्यापासून पाच दिवसांत पत्त्याची नोंद करायची असते. तिथे जन्मदाखला, लग्नाचा दाखला, अपोस्टिल, ते प्रतिज्ञापत्र, सगळं लागलं.

त्या दिवसांत एका कचेरीतल्या काउंटरवरच्या बाईंनी माझी फाईल न उघडताच सांगितलं, “तुमचा नवरा डच आहे. ईयूचे नियम तुम्हाला लागत नाहीत. मायदेशी जाऊन परीक्षा द्या.” त्या खोटं बोलत नव्हत्या. रोज समोर येणाऱ्या शंभरातल्या बहुतेकांना तेच उत्तर लागू पडतं. मी एफ कार्ड समोर ठेवलं. २०१४ च्या निकालाचं पहिलं पान डच भाषेत छापून नेलं होतं, तेही ठेवलं, आणि म्हटलं की नकार द्यायचा असेल तर कारणांसह लेखी द्या. त्या आत गेल्या. वीस मिनिटांनी एक वयस्कर गृहस्थ आले, त्यांनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि नोंद करायला सांगितलं. लेखी मागणं हा तुमचा हक्क आहे. वास्तव्याच्या अर्जावर लेखी नकार आलाच तर हॉलंडमध्ये हरकत घ्यायला चार आठवडे असतात, पाकिटावरची नव्हे तर निर्णयावरची तारीख वहीत लिहून ठेवा.

खरा अर्ज आयएनडीकडे, म्हणजे परदेशी लोकांचे परवाने बघणाऱ्या डच सरकारी खात्याकडे करायचा, ‘युरोपीय कायद्यानुसार तपासणी’ या नावाचा. परीक्षा नाही, उत्पन्नाची अट नाही. फी डच नागरिकांच्या ओळखपत्राइतकीच, कारण कुटुंबीयांकडून त्याहून जास्त घेऊ नये असं निर्देशात आहे. देशी कायद्याच्या अर्जाची फी याच्या कित्येक पट असते, म्हणून फॉर्म निवडताना डोळ्यांत तेल घालून बघा. अर्जासोबत आम्ही बेल्जियमचे चौदा महिने लावले, प्रत्येक महिन्याला एक विभाजक, सर्वांत वर एका पानावर तारखांचा तक्ता. आयएनडीच्या काउंटरवर पासपोर्टमध्ये स्टिकर लागलं. त्यावर कामाबद्दल काय लिहिलंय ते तिथेच उभं राहून वाचा आणि चूक असेल तर तिथेच सांगा. निर्णयाला सहा महिन्यांपर्यंत लागू शकतात. आम्हाला पाच लागले. या काळात दोघांना वेगवेगळं बोलावून प्रश्न विचारू शकतात, खोट्या लग्नांना आळा घालायला तसा अधिकार त्यांना आहे. आम्हाला बोलावलं नाही. चार महिन्यांच्या आत डच आरोग्य विमा घ्यायचा असतो, आणि तो नोंदणीच्या तारखेपासून मागे जाऊन लागू होतो, म्हणून उशीर करून पैसे वाचत नाहीत.

जानेवारी २०१७ मध्ये पाच वर्षांचं कार्ड आलं. भाषेची सक्ती नव्हती तरी मी डच शिकले, बेल्जियममध्येच सुरुवात झाली होती. सासूबाईंशी त्यांच्या भाषेत बोलता यावं एवढंच डोक्यात होतं.

पुढची पाच वर्षं दिवस मोजावे लागतात. वर्षातून एकूण सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर कायम वास्तव्याची साखळी तुटते. बाळंतपण, गंभीर आजार अशा मोठ्या कारणासाठी एकदा सलग बारा महिन्यांपर्यंत सूट आहे. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचं असेल तर हे कलम लक्षात ठेवा, आणि डॉक्टरची चिठ्ठी, बोर्डिंग पास जपा. मी २०१९ मध्ये सांगलीला गेले तेव्हा साडेचार महिने राहून परत आले, त्या वर्षी दिवाळीला पुन्हा जायचं टाळलं.

२०२२ मध्ये कायम वास्तव्याचं दहा वर्षांचं कार्ड मिळालं. ते सलग दोन वर्षं बाहेर राहिल्याशिवाय जात नाही. आई आता एकटी असते. गेल्या पावसाळ्यात मी गेले आणि तिचा गुडघा बरा होईपर्यंत, दिवस न मोजता, राहून आले.